कोरडी कुंडलिका

आमच्या फणसवाडीतल्या दोन खोल्यांत एक पाळणा आहे, शिवणाचं मशीन आहे आणि एक होडी आहे. होडी माळ्यावर असते, दोन कॅनव्हासच्या पिशव्यांत. लाकडी फासळ्या एकमेकींत अडकवायच्या, वरून रबरी कातडं चढवायचं, की माणसांना कंबरेपर्यंत आत घेणारी लांब निमुळती कयाक तयार होते. जर्मनीला परत निघालेल्या कुणा इंजिनिअरकडून आमच्या ह्यांनी ती लग्नाआधी घेतली. जोडली की खोलीत मावत नाही. तिचं नाक गॅलरीत जातं आणि शेजारच्या लीलाकाकू त्यावर पोलकी वाळत घालतात.

हे, म्हणजे शरदचंद्र, आठवडाभर विमा कंपनीत बसून लोकांच्या मरणाचे अंदाज बांधतात आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या मरणाची तयारी करतात. जोडीला जयवंत. तो परळच्या एका गिरणीत विव्हिंग खात्यात असिस्टंट मास्तर आहे. होडी दोघांची, पुढे जयवंत, मागे हे. भर पावसाळ्यातली उल्हास त्यांनी मारली आहे, वैतरणा मारली आहे. लोक वाघ मारल्याचं सांगतात तसं हे दोघं नदी मारल्याचं सांगतात.

पावसाळा संपला की सराव चौपाटीवर. होडी मुद्दाम उलटी करायची, डोकं पाण्याखाली, पाय आत अडकलेले, आणि तशातून सुटून वर यायचं. मी बकुळाला कडेवर घेऊन वाळूत उभी राहते. हे पाण्याखाली गेले की मी श्वास रोखते. माझा श्वास सुटतो तरी हे वर येत नाहीत, तेव्हा शेजारी भेळ खाणारी माणसं माझ्याकडे बघायला लागतात. वर आल्यावर हे हसून हात हलवतात. बकुळाही हलवते. तिला वाटतं बाबा भोज्जा खेळतात.

बकुळा झाल्यावर नद्या बंद, असं ठरलं होतं. म्हणजे मी ठरवलं होतं, ह्यांनी ऐकलं नव्हतं.

त्यातून ह्यांच्या डोक्यात कुंडलिका शिरली. कंपनीच्या कामाने रोह्याला गेले असताना ह्यांनी ती पाहिली आणि घरी आले ते लग्न ठरल्यासारखा चेहरा घेऊन. घाटाच्या पायथ्याला भिऱ्याचं वीजघर आहे. तिथली चक्रं फिरवून झालेलं पाणी सकाळी नदीत सुटतं, आणि हिवाळ्यात आजूबाजूच्या नद्या दगड मोजत पडलेल्या असताना ही एकटी फेसाळत धावते. अरुंद, गार, खडकामागे खडक. मधे एक ठिकाण आहे, तिथे पाणी एका मोठ्या धोंड्याभोवती गरगरतं. ह्यांनी त्याचं नाव ठेवलं ‘जातं’.

“आत सापडलं तर?” मी विचारलं.

“नाव कशावरून ठेवलं, त्यावरून समज ना,” हे म्हणाले आणि पुढची पोळी घेतली.

इतके दिवस मला एका गोष्टीने तारलं होतं. दोघांना सुट्टी रविवारची, आणि रविवारी कुंडलिकेत पाणी नसतं. मागे एका रविवारी दोघं होडीबिडी घेऊन गेले, कोरडी नदी बघितली, काठावर भाकरी खाल्ली आणि तोंडं पाडून परत आले. गावकऱ्यांनी सांगितलं म्हणे, रविवारी नदीला सुट्टी असते. ती का असते हे दोघांपैकी एकानेही विचारलं नाही. पुरुषमाणसांना सुट्टीचं कारण विचारायची सवय नसते.

मग त्या वर्षी संयुक्त महाराष्ट्र समितीने एका मंगळवारचा हरताळ पुकारला.

बातमी कळताच जयवंत जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत आला. मी चहा गाळत होते.

“शऱ्या, मंगळवार,” तो दारातूनच म्हणाला. “गिरणी बंद, तुझं ऑफिस बंद, ट्रामसुद्धा बंद. कामाचा वार आणि आपण मोकळे. असा योग पुन्हा यायचा नाही.”

हे खुर्चीतून उठलेच. “सोमवारी संध्याकाळी निघू. शिवाचा ट्रक जातो ना रोह्याला?”

“जातो. पहाटे भिऱ्याला. पाणी सुटलं की आपण सुटलो.”

माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली. डोळ्यांपुढे ते जातं आलं. आणि त्याच्या मागून, अगदी हळू, दुसरंच काहीतरी आठवलं.

कॉलेजात असताना आम्हा फिजिक्सच्या मुलामुलींची सहल ह्याच वीजघराला गेली होती. तिथले इंजिनिअर काटे दाखवत म्हणाले होते, “तुमच्या लालबाग-परळच्या गिरण्या सुरू झाल्या की आम्ही इथे पाणी सोडतो. गिरण्या थांबल्या की आवरतो. कापड तिकडे, पाणी इकडे.” मी लालबागची, मला ते लगेच पटलं होतं. गिरण्यांच्या सुट्टीला आमच्या माहेरचा दिवा जास्त उजेड देतो, हे मी लहानपणापासून बघत आले होते.

म्हणजे रविवारी नदीला सुट्टी नसते. रविवारी गिरण्यांना सुट्टी असते.

“भावजी,” मी कप पुढे करत विचारलं, “सगळ्या गिरण्या बंद राहतील?”

“सगळ्या, वहिनी.”

“एकूण एक?”

“तुम्हाला कधीपासून एवढी काळजी?”

“मुंबईचा प्रश्न आहे, भावजी. आपणच काळजी केली नाही तर कोण करणार?”

हे माझ्याकडे बघत राहिले. मागच्याच महिन्यात सभेला चल म्हणाले होते, तेव्हा मी बकुळाच्या सर्दीचं कारण सांगितलं होतं.

“जा तुम्ही,” मी म्हटलं. “दशम्या करून देते.”

इतक्या सहज मी होकार दिला, तो खरं म्हणजे ह्यांना खटकायला हवा होता. पण आनंदात असलेल्या माणसाला काही खटकत नाही. जयवंतने तर तिसरा कप मागितला. गिरणीत साचे, म्हणजे माग, फिरतात ते विजेवर, हे त्या माणसाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पण मास्तरांच्या लेखी वीज भिंतीतल्या बटणातून येते.

आता माझं काम एवढंच होतं, की हरताळ कडकडीत व्हायला हवा. एखाद-दुसरी गिरणी चालू राहिली तर तेवढं पाणी सुटणार, आणि अर्ध्या पाण्यातही हे दोघे होडी टाकणार. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बकुळाला सासूबाईंकडे दिलं आणि खाली शामरावांच्या बिऱ्हाडी गेले. शामराव आमच्या वाडीतले समितीचे कार्यकर्ते. त्यांचा आवाज बसलेला होता तो सभांमुळे, असं ते सांगत.

“काका, मला काहीतरी काम द्या.”

शामरावांनी चष्मा पुसून मला पाहिलं. “सूनबाई, तुम्ही?”

“घरोघर सांगून येते. मंगळवारी कुणी कामाला जायचं नाही म्हणून.”

“आपल्या वाडीत सगळे कारकून. ते एरवीही फारसं काम करत नाहीत.”

“मग गिरणगावात पाठवा. माझं माहेर लालबागला आहे.”

शामरावांचे डोळे पाणावले. मला जरा अवघडल्यासारखं झालं, पण थोडंसंच. त्यांनी पत्रकांचा गठ्ठा माझ्या हाती दिला आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या वाडीला सांगितलं की एक तान्ह्या मुलीची आई पदर खोचून उभी राहिली आहे. सासूबाई ह्यांना म्हणाल्या, “शरू, तू नद्या धुंडाळत बस. तुझी बायको बघ.”

हे लाजले. रात्री जेवताना म्हणाले, “कांता, मी थांबू का गं? तू एवढं करतेस आणि मी मजा मारायला जायचं, हे बरं दिसत नाही.”

हा एक धोका माझ्या ध्यानातच आला नव्हता. थांबले असते तर एखादी रजा काढून भलत्याच वारी गेले असते, भरल्या पाण्यात.

“छे छे,” मी म्हटलं. “तुम्ही जा. हरताळात घरी बसणंही चालतं आणि नदीवर बसणंही चालतं.”

“बसणं? आम्ही बसायला नाही चाललो.”

“तेच ते,” मी म्हटलं आणि आमटी वाढली.

शनिवारी मी लालबागला गेले. आमच्या समोरच्या चाळीत जाईबाई राहते. वायंडिंग खात्यात सूत गुंडाळायला आहे, आणि तिथल्या बायका तिच्या शब्दाबाहेर नाहीत. मी लहान असताना भिवाकाका, म्हणजे तिचा नवरा, मला खांद्यावर बसवून नायगावच्या सभेला न्यायचा. ती नळावर हंडा घासत होती.

“जाईमावशी, तुमची गिरणी बंद ना मंगळवारी?”

“बंद.”

“रातपाळीसुद्धा?”

“रातपाळीबी.”

“आणि ती पलीकडची? तिथे मालक काही लोकांना आत कोंडून काम चालू ठेवणार असं ऐकलं.”

जाईबाईने हंडा खाली ठेवला. “कांते, तू आल्यापासून बघते मी. दर बाईला धरून विचारतीस, तुजी गिरणी बंद का, तुजं खातं बंद का. समितीच्या पुढाऱ्याला नाही एवढी घाई तुला. काय भानगड हाय?”

तिच्या डोळ्यांसमोर मला शाळेत असतानाही खोटं बोलता आलं नव्हतं. मी सांगितलं. होडी, नदी, जातं, वीजघर, सगळं. ऐकता ऐकता जाईबाई नळाच्या कट्ट्यावर बसली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. हसू थांबेना. बाजूच्या दोघी जणी आल्या, त्यांनाही सांगावं लागलं.

“म्हंजे आमी साचं बंद केलं की तुजा दादला कोरडा?”

“हो.”

“आन आमाला वाटत हुतं, महाराष्ट्रासाठी चाललंय.”

“त्यासाठी आहेच, मावशी. हे आपलं त्याच्यात.”

“ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे,” जाईबाई डोळे पुसत म्हणाली. “पलीकडच्या गिरणीच्या फाटकावर आमच्याच बाया उभ्या ऱ्हानार हायेत. आत मुंगी जानार नाय. जा, दशम्या कर.”

सोमवारी संध्याकाळी दोघे शिवाच्या ट्रकवर चढले. दोन पिशव्या, दोन वल्ही, दशम्यांचा डबा. ह्यांनी बकुळाचा पापा घेतला तेव्हा मला एकदम वाटलं, माझं गणित चुकलं तर? इंजिनिअर म्हणाले ते खूप वर्षांपूर्वी. मधल्या काळात काही बदललं असलं तर? पण ट्रक हलला होता आणि जयवंत वरून टोपी हलवत होता. मी बकुळाला घेऊन लालबागला आईकडे गेले.

मंगळवारची सकाळ मी जन्मात विसरणार नाही. भोंगा नाही. चिमण्यांतून धूर नाही. लालबागच्या रस्त्यावर मुलं मधोमध क्रिकेट खेळत होती. आई देवाजवळ बसली होती, तिला म्हटलं जरा दिवा लावून बघते, आणि बटण दाबलं. दिवा लखलखला. एरवी पिवळट असतो, आज पांढराशुभ्र. मी लहान मुलीसारखी त्याच्याकडे बघत बसले. तिकडे भिऱ्याला काठावर दोन मोठाली माणसं होडी जोडून, कमरा कसून बसली असतील आणि समोर दगड, दगड, दगड. मला एकटीलाच हसू फुटलं.

“वेडी झालीस का?” आई म्हणाली. “सकाळी उजेडात कशाला दिवा?”

दुपारी मिरवणूक निघाली. मी मुद्दाम खाली उतरले आणि बकुळाला उंच धरून ओरडले, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. एकदा ओरडल्यावर कळलं की आपल्याला हे खरोखरच हवं आहे. मग नीट ओरडले.

हरताळ सुटल्यावर दिवेलागणीला शिवा मला शोधत आईकडे आला. दारातच उभा राहिला.

“वहिनी, साहेबांचा निरोप हाय. नदीला टिपूस पाणी नाय.”

“अरेरे,” मी म्हटलं.

“लई नाराज हायेत दोघं.”

“असणारच. मग तुझ्याबरोबर आले नाहीत का?”

“नाय ना. म्हनाले, उद्या पानी सुटंल, उद्या मारतो. मास्तरांनी गिरनीत आजारी म्हून सांगायला सांगितलंय, साहेबांनी हापिसात. कुठं सांगायचं त्ये तेवढं सांगा.”

मी उंबऱ्याशी बसले. हे मला सुचलंच नव्हतं. घडीची होडी घेऊन कोरड्या नदीवर गेलेली माणसं एक रात्र थांबू शकतात, ही गोष्ट फिजिक्समध्ये शिकवत नाहीत.

बकुळाला आईकडे टाकून मी समोरच्या चाळीत धावले. जाईबाई भाकऱ्या थापत होती.

“मावशी, उद्या गिरण्या सुरू होणार?”

“व्हनार. आन जोरात. आजचं राहिलेलं भरून काढायला मालक बसलाय.”

“म्हणजे पाणीही जास्त.” मी म्हटलं. “हरताळ आणखी एक दिवस नाही का ओढता येणार?”

जाईबाईचा हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि या वेळी ती हसली नाही.

“आज खाडा पडला आमचा, कांते. खुशीनं पडला. उद्याचा पाडायचा तर घरात पीठ पायजे. तुज्या दादल्यासाठी मी पोरांच्या पोटाला हरताळ लावू?”

मग तिनेच गरम भाकरी माझ्या हातावर ठेवली. “खा. त्यो पोहनारा मानूस हाय. तू का त्याला पाळन्यात घातलायस?”

बुधवारी पहाटे भोंगे झाले. लालबागला जन्म गेलेल्या माणसाला भोंगा ऐकू येत नाही, तो अंगात भिनलेला असतो. त्या दिवशी मला एकेक ऐकू आला. एक भोंगा, म्हणजे एवढं पाणी. दुसरा, आणखी एवढं. खालून जाईबाई आणि तिच्या बायका कामावर निघाल्या, त्यांच्या चपलांचा आवाज ऐकत मी गॅलरीत उभी होते. साचे सुरू झाले, चाळीच्या कठड्याला नेहमीची थरथर लागली. एका हाताखाली ती थरथर आणि दुसऱ्या हातावर झोपलेली बकुळा. जाईबाईने सुताची एक बॉबिन भरली की तिकडे ह्यांच्या होडीखाली लाट उठत होती. जिच्या हातची भाकरी मी काल खाल्ली तीच आज माझ्या नवऱ्याला बुडवायला निघाली होती, आणि तिला दोष द्यायची सोय नव्हती.

दिवस कसा गेला ते विचारू नका. बकुळाला मी दोनदा न्हाऊ घातलं.

संध्याकाळी आईकडच्या जिन्यावर पिशव्या आपटल्याचा आवाज आला. आधी जयवंत दिसला. कपाळाला रुमाल बांधलेला, हातात अर्धं वल्हं. त्याच्या मागे हे. नाक सोललेलं, एक कोपर खरचटलेलं, आणि चेहरा असा की कुणी लग्नाची दुसरी पंगत वाढली आहे.

मी बकुळाला ह्यांच्या हातात दिलं.

“मारली?” मी विचारलं.

“मारली,” हे म्हणाले. “अख्खी. वरपासून कोलाडपर्यंत.”

“आणि जातं?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. जयवंत पाटावर टेकला.

“वहिनी, काल पाणी नव्हतं, वेळ जाईना. मग आम्ही नदीतून चालत गेलो. अख्खी नदी, दगडावरून दगडावर. जात्यापाशी आलो तर धोंड्याच्या डाव्या अंगाला सागाचा ओंडका रुतलेला. भाल्यासारखा, टोक वरच्या बाजूला. पाणी आलं की दिसलाच नसता.”

“आणि आम्ही डावीकडूनच जाणार होतो,” हे म्हणाले. बकुळाच्या केसांशी तोंड नेऊन म्हणाले, म्हणून हळू ऐकू आलं. “रोह्याला गेलो तेव्हापासून ठरलेलं. डावीकडून.”

दारात जाईबाई उभी होती. कामावरून तशीच, केसांत कापूस घेऊन, बघायला आली होती.

“मग?” तिने विचारलं.

“मग आज उजवीकडून गेलो. तिथे जयवंतचं वल्हं गेलं आणि माझं नाक. पण गेलो.”

जयवंत आता माझ्याकडे बघत होता. विव्हिंग मास्तर तुटलेला धागा शोधतो तसा.

“वहिनी, काल त्या कोरड्या धोंड्यावर बसलो होतो तेव्हा डोक्यात आलं. गिरण्या बंद, म्हणून वीज नको. वीज नको, म्हणून पाणी नाही. एवढी साधी गोष्ट.”

“हो का?” मी म्हटलं.

“तुम्ही बी.एस्सी. ना?”

“फिजिक्स,” हे म्हणाले. त्यांचाही आवाज आता वेगळाच झाला होता. “आणि शामराव सांगत होते की आख्ख्या गिरणगावात हिला एकच चिंता, एखादी गिरणी चालू तर राहणार नाही ना.”

“पत्रकंबी वाटली,” जाईबाई म्हणाली. तिला फार मजा वाटत होती. “रातपाळीचंबी विचारलं.”

“मावशी, तुम्ही गप्प बसा.”

“कांता, तुला माहीत होतं?”

“माहीत होतं,” मी म्हटलं. “आणि मी सांगितलं असतं तर तुम्ही दुसरा वार शोधला असता आणि भरल्या नदीत डावीकडून गेला असता.”

जयवंतने कपाळावरचा रुमाल उगाच नीट केला. ह्यांना रागवायचं होतं असं मला स्पष्ट दिसलं, पण मांडीवर मुलगी असताना आणि नाक सोललेलं असताना रागवणं जमत नाही. आधी ओठ हलले, मग खांदे, मग हे इतके हसले की बकुळा दचकून रडायला लागली.

“पुढच्या वेळी,” हे जरा सावरल्यावर म्हणाले.

“पुढची वेळ आहे?”

“आहे,” हे म्हणाले. हळू, पण म्हणाले.

मी रात्रभर आणि दिवसभर गॅलरीत उभी राहून एवढं समजून चुकले होते की हा माणूस नदीवर जाणारच. थांबवता येईल ती नदी.

“मग ऐका,” मी म्हटलं. “आधी कोरडी बघायची. दर वेळी, वरपासून खालपर्यंत, पायी. आणि मीही येणार. मी दगड मोजल्याशिवाय होडी पाण्यात नाही.”

“तू? त्या दगडांतून?”

“मला वाटतं ह्या रविवारीच जाऊ. रविवारी नदी कोरडी असते, का असते ते आता सगळ्यांना ठाऊक आहे.”

“आणि बकुळा?” हे म्हणाले. “तिला कोण सांभाळणार?”

मी जयवंतकडे पाहिलं. त्याने आधी मागे वळून पाहिलं, मागे जाईबाईशिवाय कुणी नव्हतं.

“भावजींना रविवारी सुट्टीच असते,” मी म्हटलं आणि रडणाऱ्या बकुळाला उचलून त्याच्या मांडीवर ठेवलं.